सासूबाई रस्त्याच्या मधोमध थबकतात, त्यांना एकटं पाठवावं का?

प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई ७६ वर्षांच्या, घर पुण्यात पौड रस्त्याजवळ. सकाळी पलीकडच्या देवळात आणि संध्याकाळी भाजीला एकट्या जातात. अलीकडे दोनदा रस्त्याच्या मधोमध थबकल्या. त्यातल्या एका वेळी मागे फिरल्या आणि त्यांना चुकवताना एक दुचाकीवाला घसरला. मुलाचं म्हणणं, आता बाहेर जाणं बंद. त्यांचं म्हणणं, "पन्नास वर्षं हाच रस्ता ओलांडतेय, मला शिकवू नका." सुनेने विचारलंय, दोघांत बरोबर कोण?

मी ज्येष्ठांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. तोल, चालणं, पडणं हा रोजचाच विषय, आणि त्यातून रस्ता ओलांडण्याचा प्रश्न हमखास निघतो. माझ्या मते दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. बाहेर जाणं बंद करू नका. पण "जरा सांभाळून जा" एवढ्यानेही भागणार नाही. सांभाळून तर त्या जातातच, बहुतेक तुमच्या मिस्टरांपेक्षा जास्त. त्यांची रस्ता ओलांडायची रीत आता त्यांच्या शरीराला आणि या रस्त्याला जुळत नाही. ती बदलता येते, आणि ती बदलायची म्हणजे काय हेच पुढे सविस्तर सांगते.

त्यांच्या "पन्नास वर्षं" या शब्दांपासूनच सुरुवात करू, कारण त्यात तथ्य आहे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हाचं पुणं सायकलींचं होतं. सायकल ताशी बारा-पंधरा किलोमीटरने येते. तिच्यासमोरून एका लयीत, न थांबता चालत राहिलं की सायकलवाला आपल्या मागून वळसा घालून निघून जातो. आजही आपण सगळे हेच करतो. गाडी पूर्ण थांबत नाही, माणूसही पूर्ण थांबत नाही, दोघं एकमेकांचा अंदाज घेत सरकतात. या रीतीला दोन गोष्टी लागतात: येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज आणि ऐनवेळी झपकन पाय उचलता येणं. वयाबरोबर नेमक्या याच दोन गोष्टी कमी होतात, आणि दोन्ही इतक्या हळूहळू की स्वतःला पत्ताच लागत नाही.

वेगाचं आधी. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला थेट दिसत नाही. ती किती भराभर मोठी होत जाते त्यावरून मेंदू तो ताडतो. गाडी लांब असताना ही वाढ फार बारीक असते. दुचाकी मुळातच अरुंद, त्यामुळे तिची आणखी बारीक. तरुण डोळ्यालाही हे अवघड जातं. सत्तरीपुढे हालचाल टिपण्याची क्षमता घटते, मग मेंदू सोपा रस्ता धरतो: गाडी लांब आहे ना, मग चला. ऑस्ट्रेलियात जेनी ऑक्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की सगळ्याच वयाची माणसं मुख्यतः गाडीचं अंतर बघून ठरवतात, वेगाकडे कमी लक्ष देतात. तरुणांचं त्यात निभावून जातं, कारण चूक झाली तर ते दोन ढांगा टाकून सुटतात. पंच्याहत्तरीच्या पुढची माणसं मात्र दोन गाड्यांमधली जी फट निवडत होती, ती बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या चालीला पुरत नव्हती.

म्हणजे शंभर मीटरवरची पीएमपी बस आणि शंभर मीटरवरची स्पोर्ट्स बाइक त्यांच्या लेखी सारखीच. बस ताशी २५ ने येत असेल तर त्यांच्याकडे चौदा सेकंद असतात. बाइक ताशी ६० ने असेल तर सहा.

आता चालीचं. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं जगात बऱ्याच ठिकाणी धरलं जातं. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांपुढच्या लोकांच्या आरोग्य पाहणीतली चाल एका अभ्यासात तपासली, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांची सरासरी सेकंदाला ०.९ मीटर निघाली आणि बायकांची ०.८. पुरुषांतले ८४ टक्के आणि बायकांतल्या ९४ टक्के १.२ च्या खाली होत्या. ही मोजणी घरातल्या सपाट जमिनीवरची, हातात पिशवी नसतानाची.

सासूबाईंची चाल तुम्ही घरीच मोजा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेपने दहा मीटर मोजून दोन खडूच्या रेघा मारा. त्यांना पहिल्या रेघेच्या दोन पावलं आधी उभं करा आणि दुसऱ्या रेघेच्या पुढेपर्यंत चालू द्या, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा मंदपणा मोजण्यात येणार नाही. पायात रोजची चप्पल, हातात रोजची पिशवी, आणि ती रिकामी नको, आत दोन-तीन किलो बटाटे घाला. "देवळात जाताना चालता तशा चाला" एवढंच सांगा. मोबाइलवर सेकंद मोजा; दहाला त्या सेकंदांनी भागलं की त्यांची चाल मिळते. मग पुन्हा एकदा चालवा, पण या वेळी चालता चालता त्यांना भाज्यांची नावं सांगायला लावा. बोलताना चाल बरीच मंदावली किंवा पाऊलच थांबलं, तर ती महत्त्वाची खूण समजा. स्वीडनमध्ये १९९७ मध्ये वृद्धाश्रमातल्या लोकांवर झालेल्या एका छोट्या, पण खूप गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं की बोलताना ज्यांना चालणं थांबवावं लागतं ती माणसं पुढे जास्त पडतात. रस्त्यावर डोकं एकाच वेळी चार कामांत असतं, तिथेही हेच होतं. कुणी हॉर्न वाजवला की विचार करायला पाय थांबतात. तुम्ही लिहिलेलं थबकणं मला बरंचसं या जातीचं वाटतं.

दुसरी चाचणी रस्त्याच्या कडेला करायची, आणि ती करताना रस्ता ओलांडायचा नाही. त्यांच्याबरोबर फुटपाथवर उभ्या राहा आणि सांगा, "मी तुम्हाला पलीकडे नेणार नाहीये. फक्त आत्ता निघाले असते असं वाटलं की 'आता' म्हणा." त्या 'आता' म्हणाल्या की मनात सेकंद मोजायला लागा आणि पुढची गाडी तुमच्या समोरून जाईपर्यंत मोजत राहा. वीसएक वेळा करा. माझ्या अनुभवात एक ठरावीक आकृती उमटते: हळू येणाऱ्या रिक्षासमोर त्या उगाच थांबतील, जरी भरपूर वेळ असला तरी, आणि लांबून भरधाव येणाऱ्या बाइकसमोर "आता" म्हणतील. त्यावर वाद घालू नका, हसू तर मुळीच नका. मोजलेले सेकंद कागदावर लिहा आणि शेजारी त्यांना लागणारे सेकंद लिहा. आकडे त्यांना स्वतःला वाचू द्या. मुलाच्या रागापेक्षा त्या आकड्यांचा त्यांच्यावर जास्त परिणाम होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

त्यांना लागणारे सेकंद कसे काढायचे? समजा रस्त्याचा अर्धा भाग, म्हणजे फुटपाथपासून दुभाजकापर्यंत, दोन लेनचा, सात मीटर आहे. त्यांची चाल ०.८. सात भागिले ०.८ म्हणजे जवळजवळ नऊ सेकंद. ठरवल्यापासून पहिलं पाऊल पडेपर्यंत दोन सेकंद. वयाने हा वेळ वाढतो, आणि फुटपाथची पायरी उंच असेल तर आणखी. शिवाय तीन सेकंद शिलकीत ठेवा. झाले चौदा. ताशी ५० ने येणारी गाडी चौदा सेकंदांत १९५ मीटर अंतर कापते. पौड रस्त्यावर मधोमध मेट्रोचे खांब आहेत, त्यांचा इथे उपयोग होतो. दोन खांबांतलं अंतर ढोबळमानाने २५ ते ३० मीटर धरा, आणि एकदा पावलांनी मोजून खात्री करा. म्हणजे सातव्या खांबाच्या (अंतर २५ च्या जवळ निघालं तर आठव्या) अलीकडे एकही गाडी नको. तेही फक्त अर्ध्या रस्त्यासाठी.

संध्याकाळी सहाला पौड रस्त्यावर अशी फट मिळेल? आपोआप नाही मिळणार. म्हणून "गाड्यांमधून वाट काढत जायचं" ही रीत त्यांनी सोडायला हवी, आणि तिच्या जागी काय हे त्यांना नेमकं सांगायला हवं.

वेगाचा अंदाज सुधारण्याच्या मागे लागू नका. फ्रान्समध्ये ऑरेली डॉम आणि व्हिओला काव्हालो यांच्या गटाने ज्येष्ठांना सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या खोट्या रस्त्यावर, ओलांडण्याची तालीम दिली. तिचा फायदा झाला, ओलांडणं एकंदरीत सुधारलं, पण वेगात येणाऱ्या गाडीसमोरचे चुकीचे निर्णय काही गेले नाहीत. अंतर मात्र त्यांना नीट कळतं. मग अंतरावरच काम भागवायचं: एक पक्की खूण ठरवा. अमुक दुकानाची पाटी, सातवा खांब, पेट्रोल पंप, काहीही. त्या खुणेच्या अलीकडे चाक असलेलं काहीही दिसलं, मग ते हळू असो की वेगात, तर पाऊल टाकायचं नाही. बैलगाडीसुद्धा आली तरी नाही. वेग ओळखायचं कामच डोक्यावरून उतरतं. हा नियम थोडा जास्तच सावध आहे, रिक्षासाठी उगाच थांबावं लागेल. चालेल.

आणि ती फट मिळवायची कशी, याचं उत्तर सिग्नलमध्ये आहे. रस्ता तुम्हाला सतत भरलेला दिसतो, पण गाड्या सिग्नलमधून सुटतात त्या लोंढ्याने. लोंढा गेला की मागे रिकामी जागा येते. ज्या बाजूने गाड्या येतात त्या बाजूच्या चौकात सिग्नल लाल झाला की इथे काही सेकंदांनी रस्ता मोकळा होतो. सासूबाईंना दोन-तीन दिवस तिथे नुसतं उभं राहून तो ताल बघायला लावा. पन्नास वर्षं त्या रस्त्यावर असलेल्या बाईला तो चटकन कळतो, हा त्यांचा अनुभव इथे खरा कामी येतो. लोंढ्याच्या शेवटी रेंगाळलेल्या दोन-तीन गाड्या जाऊ द्यायच्या आणि मग निघायचं. डावीकडच्या गल्लीतून मध्येच कोणी घुसत असेल किंवा फ्री लेफ्ट असेल, तर ती जागा ओलांडायला नालायक समजून पन्नास मीटर पुढे जायचं. पन्नास मीटर म्हणजे त्यांच्या चालीने एक मिनिट आणि वर दोन-चार सेकंद. "एवढ्यासाठी कोण तिकडे जातंय" या वाक्याला माझं नेहमीचं उत्तर आहे: आजींनी सांगावं, एका मिनिटात त्या दुसरं काय उरकणार आहेत?

आता मधोमध थांबून मागे फिरण्याचं. तुमच्या पत्रातली मला सर्वांत घाबरवणारी गोष्ट हीच आहे. आपल्याकडचा दुचाकीवाला ब्रेक लावायच्या आधी दिशा निवडतो. समोर डावीकडून उजवीकडे चालणारी बाई दिसली की तो हॅंडल किंचित डावीकडे घेतो, म्हणजे तिच्या पाठीमागून जायचं ठरवतो. त्या क्षणी तिने अर्धं पाऊल जरी मागे घेतलं तरी ती नेमकी त्याच्या वाटेत येते. आणि मागे जाताना पाऊल आंधळं असतं, तोल मागे जातो. म्हणून एकदा निघाल्यावर मागे फिरायचं नाही, हा घरातला कायदा करा. घाबरून थांबलंच, तर जिथे आहोत तिथे ताठ उभं राहायचं, गाडीकडे तोंड करून हात वर करायचा आणि गाडीने वाट ठरवेपर्यंत हलायचं नाही. मग पुढे. हे तोंडाने सांगून अंगात मुरत नाही. पार्किंगमध्ये त्यांना चालायला लावा, मध्येच टाळी वाजवा आणि "थांबा, वळा, हात" असं करवून घ्या. नातवंडं असतील तर त्यांना हे काम द्या, ती आनंदाने करतात.

हात दाखवण्याबद्दल एक. चालता चालता खाली धरलेला हात कुणालाही दिसत नाही. निघण्याआधी, फुटपाथच्या कडेला उभं असतानाच, तळवा समोर करून खांद्याच्या उंचीवर दाखवावा. आणि गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघू नका; हेल्मेटच्या काळ्या काचेमागचं काय दिसणार? पुढच्या चाकाकडे बघा. चारचाकी थांबत असेल तर बॉनेट खाली वाकतं. ते वाकलेलं दिसलं की मग पाऊल.

एक गाडी थांबली म्हणजे रस्ता मोकळा झाला असंही नाही. बसने माणुसकीने थांबून हाताने "जा आजी" म्हटलं, आजी गडबडीने पुढे गेल्या आणि बसच्या पलीकडून बाइक आली, हा अपघात जगभर ठाऊक आहे. थांबलेल्या गाडीच्या शेवटच्या कडेला पुन्हा थांबायचं, मान काढून बघायचं, मग पुढचं पाऊल. बसवाला वैतागला तर वैतागू दे.

दुभाजक असेल तर तो वरदान समजा. एका दमात दोन्ही दिशा सांभाळणं हे ज्येष्ठांना सर्वांत जड जातं, आणि दुभाजक त्याचे दोन सोपे रस्ते करतो. मात्र पौड रस्त्यावर खांबांमुळे एक पेच होतो. पहिल्या अर्ध्यात गाड्या उजवीकडून येतात, दुसऱ्या अर्ध्यात डावीकडून. दुभाजकावर पोचल्यावर सावली म्हणून किंवा आधार म्हणून बायका खांबाला चिकटून उभ्या राहतात. खांब डावीकडे असेल तर येणारी गाडी त्यांना दिसत नाही आणि त्या गाडीला दिसत नाहीत. खांबाच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, म्हणजे येणाऱ्या गाड्यांच्या आणि आपल्या मध्ये खांब येता कामा नये. दुभाजक इतका अरुंद असेल की काठीसकट नीट उभंही राहता येत नाही, तर ती जागा सोडा. आणि एकेरी दिशा असली तरी दोन्हीकडे बघायचं, कारण राँग साइडने येणारे आपल्याकडे कमी नाहीत.

रिकाम्या रस्त्याचा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही. पहाटे साडेपाचला देवळात जाताना गाड्या थोड्या असतात, पण ज्या असतात त्या सुसाट. थंडीच्या दिवसांत तेव्हा अंधार असतो आणि अंगावर गडद शाल. अशा वेळी हातात पेटलेली टॉर्च हलती ठेवावी, शाल फिकट रंगाची असावी. शक्य असेल तर सकाळचं देऊळ उजाडल्यावर करा, देव काही रागावत नाही.

बरोबर कोणी जाणार असेल तर मनगट धरून ओढू नका. ओढलेल्या माणसाचा तोल पुढे जातो आणि त्याची स्वतःची नजर बंद होते, तो नुसता आपल्यावर विसंबतो. तुमचा कोपर त्यांना धरू द्या. पहिल्या अर्ध्यात तुम्ही त्यांच्या उजवीकडे, दुभाजकावर बाजू बदलून दुसऱ्या अर्ध्यात डावीकडे. कॉलेजच्या मुलांच्या घोळक्याबरोबर ओलांडायचं असेल तर घोळक्याच्या पुढच्या रांगेत उभं राहून निघावं. मागे राहिलं तर मधोमध घोळका निघून जातो आणि आजी एकट्या उरतात.

शरीराच्या बाबतीत चार गोष्टी तपासून घ्या. चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर त्याच्या खालच्या भागातून फुटपाथची कड पुसट दिसते. नेहमी बाहेर फिरणाऱ्या ज्येष्ठांना बाहेरसाठी नुसता लांबचा चष्मा दिला तर त्यांचं पडणं कमी होतं, असं ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत दिसलंय. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, काचबिंदू असेल तर बाजूचं दिसत नाही आणि ते माणसाला जाणवतही नाही. मानेचा स्पॉन्डिलोसिस असलेल्या बायका मान वळवल्यासारखं करतात, पण नजर जेमतेम अर्ध्यावर पोचते. त्यांनी मान न वळवता पायांसकट सगळं अंग त्या बाजूला वळवून बघावं. कानाचं म्हणाल तर इलेक्ट्रिक स्कूटर ऐकू येत नाही म्हणजे ती नाही, असं धरायचं नाही.

आणखी एक नजरेचंच. ज्यांना पडायची भीती असते ते ओलांडताना गाड्यांऐवजी पायाखाली बघत राहतात. इस्राएलमधल्या एका अभ्यासातही हे आढळलंय. आमच्याकडे उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि वर-खाली झालेली चेंबरची झाकणं असताना त्यांना दोष तरी कसा द्यायचा? उपाय एवढाच की जागा रोज तीच ठेवायची, सपाट असलेली. आधी उभ्या उभ्या वाट बघून घ्यायची, मग नजर वर आणि गाड्यांकडे.

औषधांचं डॉक्टरांना विचाराच. रक्तदाबाच्या गोळीनंतर उठल्यावर चक्कर येते का? झोपेची गोळी, सर्दीची गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गुंगी असते का? मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, चतुर्थीच्या उपासाला काही न खाता त्या देवळात जातात का? साखर उतरलेली असताना माणूस रस्त्यात गोंधळतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारपण. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला धक्का किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायचं.

आता सिग्नलचं. झेब्रावरचा हिरवा माणूस आधीच लागलेला असेल तर निघायचं नाही. तो किती वेळचा लागलाय हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? लाल होऊ द्यायचा, पुन्हा हिरवा झाला की पहिल्या सेकंदाला निघायचं. चौदा मीटरच्या रस्त्याला १.२ च्या हिशोबाने पावणेबारा सेकंद मिळतात. ०.८ ने चालणारी बाई तेवढ्यात सव्वानऊ मीटरवर असते, पुढचे पावणेपाच मीटर लाल सिग्नलमध्ये. यात तिचा काय दोष? सिंगापूरने २००९ पासून यावर एक साधा उपाय केलाय: ज्येष्ठ नागरिक आपलं कार्ड खांबावर टेकवतो आणि त्याला रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. आपल्याकडे असं नाही, पण हिरव्याचे सेकंद वाढवून मागता येतात. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाला हाताशी धरा. सिग्नलच्या वेळेसाठी वाहतूक पोलिसांकडे आणि पट्टे, उंचवटा असलेला क्रॉसिंग, दुभाजकातली उभं राहायची जागा यांसाठी पालिकेच्या पथ विभागाकडे लेखी अर्ज द्या. "वृद्धांना त्रास होतो" असं लिहू नका. रुंदी इतकी मीटर, हिरवा इतके सेकंद, आमच्या संघातल्या लोकांची मोजलेली चाल इतकी, असे आकडे लिहा. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते, जवळजवळ पाचातला एक. एवढ्यावरून तरी अर्ज बाजूला टाकला जाऊ नये.

जवळच्या मेट्रो स्थानकाला दोन्ही बाजूंनी लिफ्ट असेल तर तिकीट न काढता वरून पलीकडे जाऊ देतात का, हे एकदा जाऊन विचारा. जिना मात्र सुचवू नका. ज्यांचे गुडघे गेलेत त्या जिना चढणार नाहीत, खालूनच जातील आणि तुम्हाला सांगणार नाहीत.

तुमच्या मिस्टरांसाठी: बाहेर जाणं बंद केलंत तर पायांची ताकद काही आठवड्यांत उतरायला लागते, चाल आणखी मंदावते, आणि मग त्या घरात मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडतात. त्यापेक्षा हे करवून घ्या. हात न टेकवता खुर्चीतून उठणं-बसणं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. ओट्याला धरून टाचा उचलणं. पायरीवर एक पाय ठेवून चढणं-उतरणं. पार्किंगमध्ये वीस पावलं झपाझप, मग आराम, असं चार-पाच वेळा. चपलेऐवजी मागे पट्टा असलेलं पायताण. छातीत दुखणं, धाप असं काही असेल तर आधी डॉक्टर.

एकटीने मोठा रस्ता ओलांडू नये असं मी कधी सांगते? ओळखीच्या रस्त्यावर दिशा चुकायला लागल्यावर. "आता" च्या चाचणीत चूक दाखवूनही दुसऱ्या दिवशी तीच चूक होत असेल तर. चाल सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास आली असेल तर. सहा महिन्यांत दोनदा पडल्या असतील किंवा उभ्या उभ्या भोवळ येत असेल तर. यांतलं काही असलं तर आधी डॉक्टरांकडून कारण शोधा. तोवर भाजी अलीकडच्या बाजूला घ्यायची आणि देवळाला कुणीतरी बरोबर जायचं.

यांतलं काहीच नसेल, तर दहा मीटर मोजा, खूण ठरवा आणि पंधरा दिवस त्यांच्याबरोबर जा. वाटेत सूचना देऊ नका, त्यांचं "आता" ऐका आणि ते खुणेशी जुळतंय का एवढंच बघा. जुळायला लागलं की त्यांना एकटं जाऊ द्या. व्यायाम सुरू करून दोन महिने झाले की पुन्हा एकदा खडूच्या रेघा मारा आणि चाल बदलली असेल त्याप्रमाणे खूण एखादा खांब अलीकडे किंवा पलीकडे सरकवा.